दूध संकलनाच्या क्वेरीत प्लॅनिंगलाच जास्त वेळ जातो, काय करावे?

प्रश्न : काटा_संगणक

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या दूध संस्थांचे संकलनाचे सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. पोस्टग्रेस १४ या डेटाबेसमधील संकलनाच्या टेबलाचे दररोज एक पार्टिशन (टेबलाचा वेगळा तुकडा) होत गेल्याने त्यांची संख्या हजारावर गेली आहे. सभासदाचे आजचे लिटर आणि फॅट दाखवणाऱ्या छोट्या क्वेरीत ‘दिनांक = करंट_डेट’ अशी अट आहे. एक्स्प्लेन ॲनालाइझ (क्वेरी चालवून तिचा प्लॅन आणि वेळ दाखवणारी आज्ञा) मध्ये तिचा प्लॅनिंग टाइम, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवण्याचा वेळ, एक्झिक्यूशन टाइमच्या, म्हणजे ती प्रत्यक्ष चालण्याच्या वेळेच्या, कितीतरी पट दिसतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून पुन्हापुन्हा चालवायची क्वेरी) वापरून प्लॅन_कॅश_मोड ‘फोर्स_जेनेरिक_प्लॅन’, म्हणजे दर वेळी तोच एक सामायिक प्लॅन, असा ठेवला तर भागेल का?

उत्तर : करवीरकर

या टेबलासाठी तरी तसे करू नये. जेनेरिक प्लॅन तयार होताना दिनांक माहीत नसल्यामुळे सर्व पार्टिशन त्यात राहतात; नको असलेली पार्टिशन एक्झिक्यूशनच्या सुरुवातीला वगळली गेली, तरी लॉक मात्र त्या सगळ्यांवर आधीच घेतले जातात, आणि सकाळच्या संकलनाच्या गर्दीत ते महागात पडते.

मूळ दुखणे करंट_डेटमध्ये आहे. त्याची किंमत प्लॅनर (प्लॅन ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) आधी ठरवू शकत नाही, म्हणून तो प्रत्येक पार्टिशनचा विचार करत बसतो. आपल्या एक्स्प्लेनमध्ये ‘सबप्लॅन्स रिमूव्ह्ड’ (चालवताना वगळलेले उपप्लॅन) ही ओळ असेल, ती त्याचीच खूण. तारीख ॲपमधून पॅरामीटर म्हणून पाठवा. कस्टम प्लॅनमध्ये, म्हणजे त्या किमतीसाठी खास केलेल्या प्लॅनमध्ये, ती स्थिर किंमत धरली जाते आणि एकच पार्टिशन उरते. मात्र ती तारीख आपल्या सर्व्हरवरून घ्यावी, कारण गावातल्या संगणकाच्या घड्याळावर विसंबण्यात अर्थ नाही.

उत्तर : पंचगंगा_काठ

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु रोजचे पार्टिशन हवेच कशाला? आपल्याकडे दुधाचे बिल दहा दिवसांचे, म्हणजे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे निघते. मासिक पार्टिशन केल्यास कोणतेही बिल एकाच पार्टिशनमध्ये बसेल आणि तीन वर्षांची जेमतेम ३६ होतील.

सभासद किंवा दरपत्रक यांसारख्या साध्या टेबलांवर प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा लाभ जरूर घ्यावा. ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक व्यवहारापुरतेच कनेक्शन देत असेल, तर त्याची आवृत्ती किमान १.२१ हवी आणि मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स हे सेटिंग शून्याहून अधिक ठेवावे लागते. तसेच पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स (क्वेरींची आकडेवारी ठेवणारे पोस्टग्रेसचे एक्स्टेन्शन) मधील ट्रॅक_प्लॅनिंग हे सेटिंग मुळात बंद असते; ते काही काळ चालू केल्यास प्लॅनिंगचा खरा भार नेमका कोणत्या क्वेरींचा आहे, हे कळेल.

काटा_संगणक

आभारी आहे. ‘सबप्लॅन्स रिमूव्ह्ड’ ही ओळ खरोखरच होती. चाचणीच्या सर्व्हरवर तारीख पॅरामीटरने पाठवताच ती गेली आणि प्लॅनिंग टाइमही उतरला. मासिक पार्टिशनचे काम दिवाळीच्या दूध दर फरकाची बिले वाटून झाल्यावरच हाती घेऊ.