भाताचा पेंढा, तूस, छाटणीच्या काटक्या : बायोचारसाठी खड्डा बरा की ड्रम?

मुलुंडची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही राहतो मुलुंडला, सासऱ्यांची भातशेती मुरबाडकडे. हल्ली कापणी यंत्राने होते, त्यामुळे पेंढा तुटून शेतभर पसरतो आणि शेवटी पेटवून देतात. शिवाय वालाच्या काड्या, आंब्याच्या छाटणीच्या फांद्या आहेत, गिरणीवर तूसही मिळतं. जमीन तांबडी, सामू (pH) ५.६. यंदा जाळण्याऐवजी बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, करायचाय. २०० लिटरचा ड्रम घेऊ की खड्डा खणू? आणि थोडा इथे गॅलरीतल्या कुंड्यांनाही हवाय.

बांधावरचा
ताई, खड्डाच. वर दीड मीटर रुंद, खाली निमुळता, गुडघ्याच्या वर खोल. तळाशी काटक्या रचून जाळ वरून लावा, म्हणजे खालून निघणारा धूर ज्वाळेतच जळतो. वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा पातळ थर टाका. ज्वाळ हवा खाऊन टाकते, म्हणून खालचा कोळसा शाबूत राहतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओता आणि खालीवर करून परत ओता. आत निखारा राहिला तर पोत्यात भरल्यावरही पेट घेतो.
माल मात्र खडखडीत वाळलेला हवा. ओला टाकलात तर नुसता धूर. आणि जो पेंढा गुरं खातील तो आधी गुरांना, कोळसा काटक्यांचा करा.

माटुंग्याचा_रसायनवाला
ड्रमबद्दल एकच : झाकण घट्ट बंद करून कधीही तापवू नका, वायूला वाट ठेवाच. नाहीतर स्फोट होईल.
साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला, कमी हवेत काडीकचरा तापवला की त्यातले वायू आणि डांबरासारखा भाग निघून जातो, मागे सच्छिद्र कार्बन उरतो. तापमान जास्त तर कोळसा कमी पण टिकाऊ, आणि सामूही चढा. खड्ड्यात वाळल्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका कोळसा मिळाला तरी उत्तम. पेंढ्यात आणि तुसात सिलिका भरपूर, म्हणून त्यांच्या कोळशात राख जास्त निघते. फांद्यांचा कोळसा कार्बनच्या हिशेबाने सरस.

पऱ्हाटीवाला
मी नोकरीनिमित्त कांदिवलीत, गाव यवतमाळकडं. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) आणि तुरीच्या काड्यांचा कोळसा फार छान होतो. पण आमच्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या वर, बायोचार स्वतः अल्कधर्मी, त्यामुळे आम्हाला बेतानं घालावा लागतो. तुमच्या आम्लधर्मी जमिनीला तो नेमका मानवेल. तुम्ही जरूर करा.

मुलुंडची_सून
खूप आभार! तूस खड्ड्यात टाकलं तर चालेल का?

बांधावरचा
नको, तूस ज्वाळ दाबून टाकतं. जुन्या पत्र्याच्या डब्याला सगळीकडून भोकं पाडा, वर धुराडं बसवा, आत काटक्या पेटवा आणि भोवती तुसाचा ढीग रचा. काळेपणा आतून बाहेर सरकत येतो. बाहेर काळे डाग दिसले की फावड्याने आतलं बाहेर, बाहेरचं आत करत राहा. सगळा ढीग काळा झाला, अजून राखाडी नाही, तेवढ्यात पाणी मारायचं. तिथे दोन मिनिटं उशीर झाला तरी राख हाती येते. कोरडी पूड उडते, नाकाला मास्क बांधा.

गच्चीबाग_दादर
कुंड्यांसाठी सोसायटीत पेटवापेटवी अजिबात करू नका, गावाहूनच आणा. कोरा कोळसा मातीत गेला की आधी मातीतलाच नत्र धरून बसतो आणि झाडं पिवळी पडतात. आधी कंपोस्टमध्ये किंवा शेणकाल्यात दोन-तीन आठवडे मुरवा, मग कुंडीत मातीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत घाला. बार्बेक्यूच्या कोळशाच्या विटा आणून कुटू नका, त्यात बांधणीसाठी इतर पदार्थ असतात.

बांधावरचा
शेतात गुंठ्याला ५० ते १०० किलो, तोही मुरवलेला. सगळ्या शेतात एकदम नको. एका खाचरात अर्ध्या भागात घाला, अर्धा तसाच ठेवा, लावणीनंतर फुटवे मोजा.

मुलुंडची_सून
सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, राबाच्या (भाताची रोपं करतो त्या) जागेपाशीच खड्डा खणू, पाणी जवळ आहे. कापणी झाली की फोटो टाकते.