मदत हवी आहे: सालीसकट कातलेल्या बाभळीच्या वाडग्याला फिनिश कोणतं द्यावं?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यातल्या वादळात आमच्या बांधावरची बाभूळ आडवी झाली. बुंधा सुताराने औतांसाठी नेला, वरचा एक ओंडका माझ्या वाट्याला आला. त्यातून लेथवर 'नॅचरल एज' वाडगा काढला आहे, म्हणजे वरचा काठ सपाट न कापता झाडाची साल तशीच काठावर ठेवली आहे. व्यास साधारण 22 सेंमी, भिंत 6 मिमीच्या आसपास. लाकूड ओलं असतानाच पातळ कातून टाकला. वाळताना तो थोडा लांबट झालाय, दोन बाजू वर उचलल्यात. ते मला आवडलंय, त्याला हात लावणार नाही.

आत गाभ्याचा लालसर तपकिरी रंग, त्याभोवती पांढुरकं बाहेरचं लाकूड आणि त्यावर काळी, भेगाळलेली साल. सगळी शोभा या तीन रंगांची आहे आणि फिनिशचा घोळही त्यांच्यामुळेच आहे. तेल लावलं तर गाभा खुलतो (त्याच लाकडाच्या तुकड्यावर लावून पाहिलं), पण पांढरा पट्टा पिवळा पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन, असं वर पारदर्शक थर धरणारं फिनिश मारलं तर सालीवर ते चकाकतं आणि खरी साल प्लास्टिकची वाटायला लागते. चपडीचं (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं) पॉलिश दोन्हींच्या मधलं वाटतंय, पण पाण्याला टिकेल का?

सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लेथवर फिरवतच लाखेची कांडी टेकवावी, असं आधी मनात होतं. पण काठ वरखाली आहे. फिरताना कांडी कधी लाकडाला लागणार, कधी हवेत जाणार, आणि दर फेरीला साल ठोकली जाणार. तो विचार सोडला.

आई म्हणते यात लिंबं-मिरच्या ठेवू. मला तो दिवाणखान्यात हवा आहे. काय करावं?

प्रतिसाद

आधी आईंचं आणि तुमचं मिटवा, फिनिश त्यावरच ठरतं. लिंबं ठेवायची तर तेल बरं, कारण वर्षभराने निस्तेज झालं की पुन्हा हात फिरवता येतो. पापुद्रा तयार करणारं फिनिश एकदा उचकटलं की सगळं खरवडावं लागतं.

पण तेल म्हणजे घरातलं खोबरेल किंवा शेंगदाणा नको. ते वाळत नाही, लाकडात तसंच राहतं, धूळ धरतं आणि पुढे खवट वास मारतं. वाळणारं तेल घ्या, जवस किंवा अक्रोड. हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' जवस मिळतं. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून खाण्याच्या भांड्याला मी ते लावत नाही. कच्चं जवस वाळायला आठवडे घेतं.

आणि जवसाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका! तेल वाळताना उष्णता सोडतं, फडकी आपोआप पेटतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

प्रतिसाद

फिनिशच्या आधी एक प्रश्न: वाडगा खरंच वाळलाय का? स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबेपर्यंत पीयूचं नावही काढू नका, आतली ओल बाहेर पडताना थर उचलते. पावसाळ्यात वजन उलटं वाढलेलंही दिसेल, घाबरू नका.

दुसरं, बाभळीत टॅनिन भरपूर असतं (साल कातडी कमवायला वापरतात ती त्यामुळेच). ओल्या लाकडाला लोखंड लागलं की निळसर काळे डाग पडतात. घासायला स्टील वूल अजिबात नको, त्याचे कण भेगांत अडकतात. काच पेपरच वापरा, 120 पासून 320 पर्यंत, आणि सालीजवळचा भाग लेथ बंद करून हाताने घासा. चालू लेथवर त्या काठापाशी बोटं नेऊ नयेत.

प्रतिसाद

मी तर म्हणेन साल काढूनच टाका. घुण तिथूनच शिरतो. पांढऱ्या लाकडात स्टार्च असतो, तेच त्याचं खाणं. दोन वर्षांनी खाली पिठासारखा भुसा पडायला लागला की सगळी हौस फिटेल.

प्रतिसाद

वरच्यांची भीती खरी, उपाय पटत नाही. साल काढली तर उरेल नुसता वाकडा वाडगा. शोभेचाच ठेवायचा असेल तर फिनिशच्या आधी बोरिक-बोरॅक्सचं द्रावण साल आणि पांढऱ्या पट्ट्यात मुरवा आणि पुन्हा वाळू द्या. मग मात्र खाण्याचं काही त्यात ठेवू नये.

झाड मे महिन्यात पडलंय म्हणून सालीकडे नीट बघा. झाडात रस चढता असेल तर साल आणि लाकूड यांमधला थर मऊ असतो, नंतर ती सुटते. जिथे फट दिसेल तिथे पातळ इन्स्टंट ग्लू सोडा. त्याआधी पांढऱ्या लाकडावर चपडीचा एक पातळ हात मारून घ्या, नाहीतर ग्लू आत शोषला जातो आणि तिथला डाग वरच्या कुठल्याही फिनिशमधून दिसत राहतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. घरात वाटाघाटी झाल्या: लिंबांना दुसरा, सरळ काठाचा वाडगा करून देणार, त्याला अक्रोडाचं तेल. हा शोभेचाच.

त्यामुळे याला बोरॅक्स, मग वजन स्थिर होईपर्यंत थांबणं, मग आतून-बाहेरून चपडीचे पातळ हात. सालीवर एकच, तोही कोरड्या ब्रशने, चकाकी येऊ न देता. पाण्याचा प्रश्न आता उरला नाही. पांढरा पट्टा पांढरा राहावा म्हणून ब्लीच केलेली चपडी शोधतोय. पहिल्या हाताला स्पिरिटमध्ये किती घालू?

प्रतिसाद

लिटरभर स्पिरिटला 100 ते 120 ग्रॅम. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी मलमलच्या कापडातून गाळा. ब्लीच केलेली चपडी जुनी झाली की नीट विरघळत नाही, म्हणून दुकानदाराला माल कधीचा आहे ते विचारा. आणि ढगाळ, दमट दिवशी हात मारू नका, थर पांढुरका पडतो.