रोजच्या स्वयंपाकात दमछाक कमी कशी करायची?

मुगाची_खिचडी:
मी आणि नवरा दोघंही सातच्या पुढे घरी पोचतो. पोळी भाजी वरण भात एवढंच करायचं असतं, काही पंचपक्वान्नं नाहीत, तरी ओट्यापासून हलेपर्यंत साडेनऊ होतात. आणि दरवेळी काहीतरी राहिलेलं असतंच, म्हणजे तेलात मोहरी पडली की आठवतं कढीपत्ता धुतलेलाच नाही, तो धुवून आणेपर्यंत मोहरी काळी. नवीन मशीन वगैरे नकोय, सवयी सांगा प्लीज.

ओट्यावरून:
सगळं हाताशी आल्याशिवाय गॅस पेटवायचाच नाही. भाजी चिरलेली, मिसळणाचा डबा उघडा, कढीपत्ता पुसून कोरडा, मग कढई. मोहरी तडतडली की जिरं हिंग कढीपत्ता आणि गॅस बारीक करून शेवटी हळद-तिखट, नाहीतर तिखट करपतं आणि घरभर ठसका. आणि घरात शिरल्या शिरल्या डाळ तांदूळ वेगवेगळे भिजत टाका, कणीक मळून झाका, मगच कपडे बदला, चहा घ्या. तुम्ही चहा पिताय तोवर डाळ भिजतेय, कणीक मुरतेय, पोळ्या मऊ होतात ते यानेच.

लसूण_चटणी:
+1. माझं बरंचसं रविवारी उरकतं. दाण्याचं कूट, खवलेलं खोबरं छोट्या डब्यांतून फ्रीजरला, आलं-लसूण-मिरचीचं वाटण. फक्त सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका हं, हवा लागत नाही तिथे बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासावरून काही कळत नाही. कोथिंबीर न धुता निवडून कागदात गुंडाळायची. कांदा मात्र आयत्या वेळीच चिरा, आधी चिरला तर दुधालासुद्धा वास लागतो.

कोकणी_माणूस:
सगळे वेळ वाचवायचंच सांगताहेत, मी वेगळं सांगतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एका हाताने रील बघत भाजी परतली की ती लागणारच. लक्ष असलं तर कानाला कळतं, पाणी आहे तोवर भाजी खदखदते, आटलं की चरचरायला लागते, तेव्हाच झाकण काढून हलवायची. कुकरचंही तेच, समोर मालिका चालू असली की तिसरी शिट्टी का चौथी यावर घरात वाद. मी पहिल्या शिट्टीला गॅस बारीक करतो आणि दहा मिनिटांनी बंद, भिजलेली तूरडाळ छान शिजते.
बाय द वे, यजमान काय करतात तेवढ्या वेळात? 😄

मुगाची_खिचडी:
भांडी घासतो हो तो, पण आता निवडणं चिरणंही त्याच्याकडे देते, धागा वाचायला दिलाय 😄 चहाआधी कणीक हे तर आजपासूनच. अजून एक, मटकीला मोड यायच्या आधीच ती चिकट होते, वास येतो, असं का?

लसूण_चटणी:
पाणी राहतंय. आठ तास भिजवा, चाळणीत पूर्ण निथळू द्या, मग कोरड्या सुती फडक्यात सैलसर बांधा, घट्ट आवळू नका. उन्हाळ्यात रात्रीत मोड येतात, थंडीत दीड दिवससुद्धा लागतो. मोड आले की लगेच फ्रीजला. चिकट झालेली सरळ टाकून द्या, धुवून वापरू नका.