ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीचा अपघात: जखमी प्रवाशाने दावा कोणाविरुद्ध करावा?

प्रश्न: पुण्यात नवले पुलाजवळ आमच्या टॅक्सीला मागून ट्रकने धडक दिली आणि माझ्या आईचे मनगट मोडले. चूक ट्रकचालकाची असल्याचे टॅक्सीचालक सांगतो, तर आपण केवळ मध्यस्थ असल्याचे सांगून कंपनी हात झटकते. आम्ही नाशिकला राहतो. दावा पुण्यातच करावा लागेल का?

उत्तर १: नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ नुसार अर्जदार जिथे राहतो, तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मुदत २०२२ पासून लागू आहे, म्हणून वाटाघाटींत वेळ दवडू नका.

उत्तर २: चूक कोणाची, हा वाद त्या दोघांना घालू द्या. दोन वाहनांच्या निष्काळजीपणामुळे प्रवासी जखमी झाल्यास पूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाकडूनही मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे दोन्ही वाहनांचे मालक, चालक आणि विमा कंपन्या यांना प्रतिवादी करावे. ॲपच्या कंपनीलाही जोडावे, पण तिच्यावरील दायित्व वादग्रस्त राहते, म्हणून माझ्या मते मुख्य भिस्त विम्यावरच ठेवावी.

उत्तर ३: प्रवासाची पावती आणि चालकाचा तपशील ॲपमधून आजच उतरवून ठेवा. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात, परंतु ते स्वीकारल्यास कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो, हे वकिलाशी आधी बोलून घ्या.