टेक्सासात रायफल घेण्याचं वय अठराचं एकवीस का होऊ शकलं नाही?

प्लॅनोकर

६ मे २०२३, शनिवार. डॅलसच्या उत्तरेला ॲलनमधल्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला आणि आठ माणसं गेली. त्यांत एक हैदराबादकडची तरुण इंजिनियर होती. प्लॅनो, फ्रिस्को, ॲलन हा सगळा पट्टा आपल्या लोकांनी भरलेला. त्या संध्याकाळी इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘सगळे घरी आहात ना?’ याशिवाय दुसरा निरोप नव्हता.

सोमवारी टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, विधानसभेच्या समितीने एक विधेयक ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे पाठवलं. काही प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफली विकत घ्यायचं वय १८ वरून २१ करायचं, एवढाच त्याचा जीव. दोन रिपब्लिकन सदस्यांनीही बाजूने मत दिलं. युवाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ ला १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, त्या मुलांचे आईबाप यासाठी किती महिने खेटे घालत होते! दुसऱ्या दिवशी कामकाजाच्या यादीत विधेयक घालायची मुदत संपली आणि ते तिथेच बारगळलं. सभागृहापर्यंत पोचलंसुद्धा नाही.

गोळीबार झाला की एक बाजू ‘बंदी घाला’ म्हणते, दुसरी ‘सेकंड अमेंडमेंट’ (शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती) म्हणते, आणि या दोन आरोळ्यांच्या मध्ये होण्यासारखी कामं चिरडली जातात. परवानाधारक दुकानदार २१ च्या आतल्या पोराला पिस्तूल विकू शकत नाही, पण १८ च्या पोराला एआर-१५ ही अर्धस्वयंचलित रायफल विकू शकतो. बिअरला मात्र एकविसावं लागतं. युवाल्डीच्या मारेकऱ्याने अठरा पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच दोन रायफली कायदेशीर विकत घेतल्या. युवाल्डीच्या दहा दिवस आधी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या सुपरमार्केटात दहा जणांना मारणाराही अठराचाच. पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये १७ जणांना मारणारा एकोणीसचा. पार्कलंडनंतर फ्लोरिडाने महिन्याभरात वय २१ केलं, सही करणारा राज्यपाल रिपब्लिकन होता. मग टेक्सासचं घोडं अडतं कुठे?

केटीकर

ह्यूस्टनजवळ राहतो, घरात दोन बंदुका आहेत, दोन्ही तिजोरीत. आधी सांगून टाकतो म्हणजे ‘तुम्हाला काय माहीत’ हा प्रश्न मिटेल.

प्लॅनोकर, तुम्ही सुरुवात ॲलनपासून केलीत. ॲलनचा मारेकरी ३३ वर्षांचा होता. लास व्हेगासमध्ये २०१७ साली हॉटेलच्या खिडकीतून गोळ्या घालणारा ६४ चा. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे पार्कला जानेवारी २०२३ मध्ये ११ जणांना मारणारा तर ७२ चा, आणि कॅलिफोर्नियाचे कायदे देशात सगळ्यांत कडक. दोन दिवसांत त्याच राज्यात हाफ मून बेला आणखी सात जण गेले. बफेलोचं म्हणाल तर न्यूयॉर्कमध्ये ‘रेड फ्लॅग’ कायदा, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक काही काळ काढून घेण्याचा कायदा, आधीपासून होता. त्या मुलाला धमकीवरून २०२१ मध्येच मानसिक तपासणीसाठी नेलं होतं. कायदा पुस्तकात राहिला.

मतदानाला १८ चालतं, सैन्यात भरती व्हायला १८ चालतं, अफगाणिस्तानात मरायलाही चालत होतं. घर राखायला नाही?

पर्वतीपायथा

इथे पुण्यात बसून मला तर यातलं काहीच कळत नाही. सरळ बंदी का घालत नाहीत? ऑस्ट्रेलियाने घातली ना. पोर्ट आर्थरला एप्रिल १९९६ मध्ये गोळीबारात ३५ माणसं मेली, जॉन हॉवर्ड तेव्हा नुकताच पंतप्रधान झालेला आणि तोही उजव्या पक्षाचा. त्याने सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या. न्यूझीलंडने क्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या गोळीबारानंतर महिन्याच्या आत कायदा केला, संसदेत विरोधात एक मत. इच्छाशक्ती लागते हो, बाकी काही नाही.

कलमबहाद्दर

पर्वतीपायथा, इच्छाशक्ती लागते हे खरं, पण तेवढ्यावर भागत नाही. ऑस्ट्रेलियात शस्त्र बाळगणं हा घटनेतला हक्क नाही. अमेरिकेत १७९१ पासून दुसरी दुरुस्ती आहे आणि २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की हा हक्क मिलिशियाचा (नागरिकांच्या सेनेचा) नाही, व्यक्तीचा आहे. त्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी हा हक्क अमर्याद नसल्याचंही लिहिलं होतं. ते वाक्य बंदूकवाले विसरतात आणि बाकीचा निकाल बंदीवाले विसरतात.

खरी गोची सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२२ च्या ब्रुएन निकालाने केली. युवाल्डीला महिना झाला नव्हता, तेव्हा आला. तेव्हापासून कायदा उपयोगी आहे का, लोकांचे जीव वाचतात का, हे न्यायाधीशाने तोलायचंच नाही. देशाच्या इतिहासात अशा निर्बंधाला पूर्वज आहे का, एवढंच पाहायचं. त्यामुळे वकील मंडळी जुन्या वसाहतींचे दारूगोळ्याचे नियम उकरत बसलीत. २०२४ च्या रहिमी खटल्यात ८ विरुद्ध १ ने थोडा लगाम घातला गेला: घरातल्या हिंसाचारावरून ज्याच्यावर मनाई हुकूम आहे त्याची बंदूक काढून घेता येते.

वयाच्या प्रश्नावर तर न्यायालयांतच जुंपली आहे. सर्किट म्हणजे काही राज्यांच्या गटासाठी असलेलं केंद्रीय अपील न्यायालय. फ्लोरिडाचा २१ चा कायदा अकराव्या सर्किटने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवला. त्याआधी दोन महिने पाचव्या सर्किटने १८ ते २० वयाच्या लोकांना दुकानातून पिस्तूल घेण्यावर असलेली केंद्रीय मनाई घटनाबाह्य ठरवली होती. आणि टेक्सास कोणत्या सर्किटमध्ये येतं? पाचव्या.

प्लॅनोकर

केटीकर, ॲलनचा मारेकरी ३३ चा होता आणि ते विधेयक त्याच्यासाठी नव्हतंच, युवाल्डीसाठी होतं. ॲलनमुळे फक्त दोन मतं हलली. पण आता त्याचीही गोष्ट घ्या. त्याला सैन्याने २००८ मध्ये प्रशिक्षण पुरं होण्याआधीच शारीरिक वा मानसिक स्थितीचं कारण देऊन घरी पाठवलं होतं. पुढे त्याच माणसाने आठ शस्त्रं जमवली, सगळी कायदेशीर. दुकानातली पार्श्वभूमी तपासणी त्याला काही विचारत नाही, कारण विचारायचं काय हे कायद्यात लिहिलेलंच नाही.

आणि दुकान टाळायचं असेल तर खाजगी सौदा आहेच. टेक्सासातल्याच ओडेसा-मिडलंडला ऑगस्ट २०१९ मध्ये सात जणांना मारणारा २०१४ ला दुकानातल्या तपासणीत नापास झालेला. मग त्याने दुसऱ्या माणसाकडून रायफल घेतली. तपासणी नाही, कागद नाही.

केटीकर

त्या विकणाऱ्याला तुरुंगवास झाला, तेही सांगा. कायदा होता म्हणूनच झाला ना?

आता माझा प्रश्न. युवाल्डीत ३७६ पोलीस आले. तीनशे शहात्तर! आणि ७७ मिनिटं वर्गात शिरले नाहीत. आत मुलं ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करत होती. बाहेर आईबापांना पोलिसांनी अडवून धरलं. हे पाहिल्यावर मी माझ्या बायकापोरांचं रक्षण कोणाच्या भरवशावर टाकू? सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २०१७ साली दोन डझनांवर माणसं मेली, तेव्हा मारेकऱ्यावर पहिली गोळी झाडणारा शेजारचा एक माणूस होता, स्वतःची एआर घेऊन अनवाणी धावत आलेला. हवाई दलाने मारेकऱ्याला आपल्याकडे असताना झालेली शिक्षा नोंदवली असती तर त्याला दुकानात बंदूकच मिळाली नसती. सरकारने आपलं काम केलं नाही, शेजाऱ्याने केलं. तुम्ही बंदूक त्या शेजाऱ्याची काढायला निघालात.

आंबेहळद

केटीकरदादा, तेच ३७६ पोलीस दुसऱ्या बाजूने मोजून पाहा ना. हातात बंदूक, अंगावर चिलखत, पाठीशी प्रशिक्षण, आणि तरीही आत शिरले नाहीत, कारण आतल्या अठरा वर्षांच्या पोराकडे कोणती रायफल आहे हे त्यांना कळलं होतं. नंतरच्या चौकशीत त्यांतल्या काहींनी हे सांगितलंही. ज्या शस्त्रापुढे हत्यारबंद पोलीस गोठतात, ते दुकानात ओळखपत्र दाखवून मिळतं. यावरून आपणही एक घ्यावी असं तुम्हाला वाटतं. ते दुकानात नसावं असं मला वाटतं.

माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेतल्या लॉकडाउन ड्रिलमध्ये, म्हणजे बंदूकधारी शिरला तर काय करायचं याच्या सरावात, दिवा मालवून कोपऱ्यात गप्प बसायचं असतं. तिच्या वर्गात एका मुलाला खोकला थांबत नव्हता म्हणून बाकीची पोरं त्याच्यावर चिडली, हे ती घरी येऊन तक्रार केल्यासारखं सांगत होती. यावर मला काही बोलता आलं नाही.

रानमेवा

बंदूक वाईट नसते, हात वाईट असतो. कर्नाटकातल्या कोडगूत बघा, तिथल्या कोडव समाजाला शस्त्र परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. तिथे शाळांत गोळीबार होतात का? आणि गांधीजींनी स्वतः लिहिलंय, इंग्रजांच्या सगळ्या कुकर्मांत अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल.

कलमबहाद्दर

अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांचं हे आवडतं अवतरण, आता आपल्याकडेही पोचलं म्हणायचं. ते वाक्य गांधीजींच्या १९१८ च्या खेड्यातल्या भरती पत्रकातलं आहे. खेडा म्हणजे गुजरातमधला जिल्हा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या सैन्यात भरती व्हा, तिथे शस्त्र चालवायला शिका, म्हणजे तो कायदा रद्द करून घेता येईल, असा तो युक्तिवाद. लोक काही भरतीला आले नाहीत. १८७८ च्या शस्त्र कायद्यावर राग रास्तच होता, कारण परवाना हिंदी माणसाला लागायचा आणि युरोपियन मोकळा. भेदभावावरचा तो राग ॲलनच्या मॉलमध्ये कसा लागू पडतो?

कोडगूचं म्हणाल तर तिथेही सूट-प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आणि आपल्याकडे काय होतं ते बघायचं असेल तर जुलै २०२३ ची जयपूर-मुंबई एक्स्प्रेस आठवा. पालघरजवळ चालत्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने चार जण मारले, सरकारी रायफलीने. हात सरकारचाच होता.

ओहायोची_वैद्य

मी इमर्जन्सीत काम करते. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. ज्या मृत्यूंबद्दल तुम्ही भांडताय ते एकूण बंदूक-मृत्यूंत अगदी थोडे आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८ हजारांहून जास्त लोक बंदुकीने मेले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. उरलेल्यांत बहुतेक खून, तेही बहुतांशी पिस्तुलाने. मॉल आणि शाळा टीव्हीवर येतात. बेसमेंटमध्ये एकटा मेलेला पन्नाशीचा माणूस येत नाही.

आत्महत्येसाठी औषधाच्या गोळ्या खाल्लेला माणूस आमच्याकडे पुष्कळदा जिवंत पोचतो आणि नंतर वर्षानुवर्षं जगतो. स्वतःवर बंदूक चालवलेला क्वचितच पोचतो. केटीकर, तुमची तिजोरी आहे ना, ती चोरापेक्षा घरातल्या पोरांसाठी जास्त कामाची. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ ला चार मुलं मारणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला पिस्तूल आईबापांनी घेऊन दिलं होतं. २०२४ मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, दहा ते पंधरा वर्षं.

मला विचाराल तर वयाच्या आकड्यापेक्षा खरेदीचा परवाना महत्त्वाचा. दुकानात जाण्याआधी पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, काही दिवस थांबणं. कनेक्टिकटने १९९५ मध्ये हे आणलं. मिसुरीत होतं, ते २००७ मध्ये काढून टाकलं. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना कनेक्टिकटात बंदुकीने होणारे खून घटलेले दिसले आणि मिसुरीत वाढलेले. यात कुणाची बंदूक जात नाही, घाईत असलेल्या माणसाला थांबावं लागतं इतकंच.

पर्वतीपायथा

म्हणजे बंदी नाहीच? इतक्या लोकांनी इतकं लिहून शेवटी अर्ज आणि ठसे?

प्लॅनोकर

देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत हो. २०१७ चा अंदाज ३९ कोटींचा होता. सॅंडी हूकच्या शाळेत २०१२ च्या गोळीबारात २० चिमुरडी गेली, त्यानंतर २०१३ मध्ये फक्त पार्श्वभूमी तपासणी वाढवायचं विधेयक सेनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ ने पडलं. ५४ ज्यांना मिळाली ते हरले, कारण तिथे साठ लागतात. अशा ठिकाणी अर्ज आणि ठसे म्हणजे पुष्कळच झालं.

केटीकर

वैद्यताई, तुमचं म्हणणं मला सगळ्यांत जास्त पटलं. प्रशिक्षणाला माझा विरोध कधीच नव्हता. टेक्सासचं कॅरी लायसन्स (बंदूक जवळ बाळगून फिरण्याचा परवाना) मी रीतसर वर्गात बसून, लेखी परीक्षा आणि नेमबाजी देऊन घेतलं. सप्टेंबर २०२१ पासून त्याची सक्ती गेली, तो कायदा मला तेव्हाही आवडला नाही.

पण परवाना आला की यादी आली. कोणाच्या घरात काय आहे त्याची. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला अशी यादी करायला मनाई आहे आणि ती मनाई मला हवी आहे. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफचं, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचं, केंद्र आहे, तिथे बंद पडलेल्या दुकानांचे कागद स्कॅन करून ठेवतात, पण नाव टाकून शोधता येणार नाही अशाच रीतीने. लोक हसतात त्याला. मला ती व्यवस्था बरोबर वाटते.

ओहायोची_वैद्य

गाडीची यादी आहे, घराची आहे, माझ्या डॉक्टरकीच्या परवान्याची तर इंटरनेटवर कोणीही बघावी अशी आहे. तुमच्या कॅरी लायसन्सवर तुमचं नाव, फोटो, ठसे टेक्सास सरकारकडे आहेतच, ते तुम्ही स्वतः रांगेत उभं राहून दिलेत. तेव्हा यादीची भीती वाटली नाही?

केटीकर

लायसन्सवर माझं नाव आहे, बंदुकीचा नंबर नाही. फरक आहे.

आंबेहळद

मग नावाचाच परवाना करा. बंदुकीचा नंबर नको, किती आहेत तेही नको. फक्त ‘हा माणूस विकत घेऊ शकतो’ एवढा. एवढ्याला तुम्ही तुमच्या आमदाराला पत्र लिहाल का?

केटीकर

मसुदा दाखवा, वाचून सांगतो.