अनुभव धागा: नोकरी गेल्यावर ईएसआयचा भत्ता आणि पीएफ कसा मिळाला?

ओळखीतल्या एका मुलाला नुकतंच कंपनीने घरी बसवलं. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जायचा तो दवाखान्यासाठी, एवढंच त्याला माहीत. त्यातूनच बेरोजगारी भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आली, हे त्याच्या गावीही नव्हतं. स्वतः अर्ज केलेल्यांनी लिहा. नियमावली नको, खिडकीवर काय झालं ते सांगा.

सीएनसी ऑपरेटर, भोसरी

२०२० च्या लॉकडाउनमध्ये काम गेलं. पगार १५,००० रुपये. त्यातून पाऊण टक्का, म्हणजे महिन्याला ११३ रुपये माझे कापले जायचे; सव्वातीन टक्के मालकाचे. त्याच वर्षी भत्ता २५ वरून ५० टक्क्यांवर नेला होता आणि काम सुटल्यावर भत्त्यासाठी थांबायची मुदत ९० दिवसांवरून ३० वर आणली होती. मिळतो जास्तीत जास्त ९० दिवसांचा, तोही आयुष्यात एकदाच. दोन वर्षांचा एकूण पगार भागिले ७३०, त्याच्या निम्मे, असा रोजचा हिशेब. माझे बावीस हजारांच्या आसपास झाले.

घोडं अडलं नावावर. पासबुकात आडनाव आधी, आधारवर शेवटी. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "दादा, माणूस एकच आहे हे मला दिसतंय, सिस्टीमला दिसत नाही." बँकेतून नाव दुरुस्त करून आणलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. मालकाने अर्ज पुढे पाठवायची अट त्या वेळी काढली होती, हे मात्र बरं झालं. आमचा मालक फोनच उचलत नव्हता.

पॅकिंग विभाग, वाळूज

मला नाही मिळाला. काम सुटण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदाराने स्लिपवर कपात दाखवली, भरणा केलाच नाही. स्लिपा जपून ठेवल्यात, तक्रार दिलीये. नोकरीत आहात त्यांनी आजच ईएसआयच्या पोर्टलवर आपली वर्गणी बघून घ्या. ठेकेदाराच्या "भरतो हो ताई"वर जाऊ नका.

स्टोअर्स, सातपूर

एचआरने राजीनाम्याचा छापील कागद पुढे केला. "सही करा, अनुभवपत्र लगेच देतो." मी सही केली नाही. आपणहून काम सोडलं असं दिसलं की हा भत्ता हातचा जातो, हे युनियनच्या काकांनी आधीच कानावर घातलं होतं. कामावरून कमी केल्याचं पत्र मागितलं. तोंडं वाकडी झाली, पण मिळालं. अनुभवपत्र मात्र फार रखडवलं.

हेल्पर, बुटीबोरी

भत्ता चालू असेपर्यंत ईएसआयचा दवाखानाही चालू राहतो. आईच्या शुगरच्या गोळ्या तिथूनच आल्या. आमच्या घरी पैशापेक्षा त्याचाच आधार जास्त झाला.

बॅक ऑफिस, ठाणे

माझा पगार २१,००० च्या वर, त्यामुळे ईएसआय नाही. राहिला पीएफ. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती आणि तिच्याशिवाय पूर्ण रकमेचा दावा पुढे जात नाही. एचआरला मेल करून थकले. शेवटी कळलं की शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ही तारीख आपणच टाकू शकतो: पीएफच्या पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट', आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, झालं. पण एकदा टाकलेली तारीख सहजासहजी बदलत नाही, तेव्हा जपून. नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम ५०,००० च्या पुढे असेल तर टीडीएस (आयकर आधीच) कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर तसं लिहून देणारा फॉर्म (माझ्या वेळी १५जी) जोडा.

स्टोअर्स, सातपूर

ताई, पीएफबरोबर पेन्शनचा १०सी फॉर्म पण भरलात का? नऊ वर्षं भरली असतील तर ते पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट (भरलेली वर्षं पुढे धरली जातात तो दाखला) घ्या. दहा वर्षं झाली की पेन्शनचा हक्क मिळतो.

बॅक ऑफिस, ठाणे

नाही भरला. माझी साडेसहाच झालीत. सर्टिफिकेटच घेते मग.