ग्रीक बेटांवर राहायला जाताय? अनुभव आणि खाचाखोचा

सांतोरिनीच्या निळ्या घुमटांसमोर फोटो काढून चार दिवसांत चार बेटं उरकणाऱ्यांसाठी हा धागा नाही. एक-दोन बेटांवर आठ-दहा दिवस मुक्काम टाकायचा, तिथल्या लोकांच्या वेळा पाळायच्या, जमल्यास त्यांच्या जत्रेत जेवायचं, असा बेत असणाऱ्यांसाठी आहे. जाणकारांनी नेमकं लिहा: कुठे उभं राहायचं, काय म्हणायचं, कुठे गाडं अडतं आणि का. "आम्ही गेलो, फार मजा आली" यासाठी प्रवासवर्णन लिहा, इथे नको.

पिरेअसजवळ राहणारा

आधी नकाशा बघा. जहाजांचे बहुतेक मार्ग सायकलच्या आऱ्यांसारखे अथेन्सच्या बंदरांतून निघतात. एका आऱ्यावरची बेटं एकमेकांना जोडलेली असतात, दोन आऱ्यांच्या मधे बहुतेक वेळा काहीच नसतं. कोर्फू आणि नाक्सोस एका सहलीत बसवायला जाऊ नका. कोर्फू देशाच्या पार पश्चिमेला आयोनियन समुद्रात आहे, नाक्सोस पूर्वेला एजिअनमध्ये. मधे थेट जहाज नाही. सिक्लादेस, म्हणजे एजिअनच्या मधल्या समूहातली बेटं करायची असतील तर नाक्सोस किंवा पारोसला तळ ठोका. नाक्सोसहून इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसिया, दोनूसा ही चिमुकली बेटं करत आमोर्गोसला जाणारं 'स्कोपेलितिस' नावाचं छोटं जहाज आहे. डुलतं भरपूर, पण बेटांवरचं रोजचं जगणं बघायचं तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. भाजी, टायर, पाहुणे, सगळं त्यातूनच येतं.

पिरेअस हे अथेन्सचं मुख्य बंदर प्रचंड आहे आणि त्याचे दरवाजे ई-१, ई-२ असे क्रमांकाने ओळखतात. रोड्स, कोस, पात्मोसची जहाजं ई-१ वरून सुटतात. एजिना, इद्रा यांसारख्या जवळच्या बेटांची ई-८ वरून. मेट्रो स्टेशन ई-६ आणि ई-७ च्या समोर आहे. तिथून ई-१ म्हणजे बॅगा ओढत जवळजवळ अर्धा तास. लोक 'पिरेअसला पोचलो' म्हणून निवांत कॉफी घेतात आणि तिथेच जहाज चुकतं. सुटायच्या तासभर आधी दरवाजापाशी असा. दरवाजा तिकिटाशी ताडून बघा, बदल झाला तर तो फोनवर कळवतात.

विमानतळावरून निळी मेट्रो २०२२ पासून थेट पिरेअसला जाते, तासाभराचा प्रवास. विमानतळाचं तिकीट वेगळं, ९ युरोंचं. शहराच्या साध्या तिकिटावर बसलात तर दंड. एक्स-९६ बस चोवीस तास असते. पण तिनोस, आंद्रोस किंवा मिकोनोसला जायचं असेल तर पिरेअसला जाऊच नका. विमानतळावरून रफिनाची बस पकडा. ते बंदर जवळ आहे, छोटं आहे, हरवायला जागाच नाही.

जहाजात चढणं-उतरणं मागच्या बाजूने, गाड्यांच्या रॅम्पवरून. आत शिरताच बाजूला लोखंडी मांडण्या असतात, वर बेटांची नावं. मोठी बॅग आपल्या बेटाच्या मांडणीत ठेवा, पासपोर्ट आणि औषधं जवळ. उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घोषणा होते, तेव्हाच खाली या. जहाज धक्क्याला पाठ लावत असतानाच साखळ्यांचा खडखडाट सुरू होतो, अंधाऱ्या गॅरेजात उन्हाची एक फट उघडते, ती रुंदावत जाते आणि रॅम्प टेकायच्या आत माणसं पुढे सरकलेली असतात. छोट्या बेटांवर जहाज जेमतेम पाच मिनिटं थांबतं. वर खिडकीत बसून 'गर्दी कमी होऊ दे' म्हणालात तर पुढच्या बेटावर उतराल.

त्याच धाग्याला पुढे, वाऱ्याबद्दल

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा कोरडा उत्तरेचा वारा सुटतो. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानच्या बाजूला कमी, म्हणून. तो कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनला ओढून आणणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडे गेलेलं शेपूट. इकडे कोकणात पाऊस कोसळत असतो, तिकडे त्याच्याच नातलगाने जहाजं बांधून ठेवलेली असतात.

फसगत इथे होते: आभाळ स्वच्छ निळं असतं, पाऊस नाही, ढग नाही, आणि तरी जहाज रद्द. शब्द लक्षात ठेवा, 'अपागोरेफ्तिको', म्हणजे नौकानयनबंदी. ती बंदर प्राधिकरण लावतं, जहाज कंपनी नाही, त्यामुळे खिडकीवर हुज्जत घालून उपयोग नाही. साधारण ८-९ बोफर्टला (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) मोठी जहाजं थांबतात. वेगवान कॅटमरान हलक्या असल्यामुळे त्यांची मर्यादा आधीच येते. वारा वाढणार असं दिसलं तर तिकीट मोठ्या जहाजाचं काढा. पिरेअस ते नाक्सोस पाच-साडेपाच तास लागतील, वेगवान जहाजापेक्षा तास-दीड तास जास्त. पण उघडा डेक मिळतो. वेगवान जहाजात विमानासारखं आत कोंडून बसायचं असतं, आणि एकाला उलटी झाली की साथ पसरते. मळमळणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावं.

जहाज रद्द झालं तर युरोपीय नियमाप्रमाणे (क्रमांक ११७७/२०१०) पैसे परत किंवा पुढचं जहाज, यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. हॉटेलचा खर्च मात्र हवामानामुळे रद्द झालं असेल तर कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढा. ऑगस्टमध्ये शक्य असेल तर दोन रात्री.

किनारा निवडतानाही हाच वारा. मेल्तेमी असेल त्या दिवशी बेटाच्या दक्षिणेचे किनारे शांत असतात, उत्तरेकडे वाळू अंगावर फटके मारते. गावातल्या म्हाताऱ्यांना सकाळी विचारा, ते हाताने दिशा दाखवतात.

शाकाहारी, सिफ्नोस आणि क्रीट बऱ्यापैकी पालथं घातलेली

'मी शाकाहारी' म्हटलं की ग्रीक सॅलड आणि फ्रेंच फ्राईज समोर येतात. त्यापेक्षा 'निस्तीसिमो' विचारा, म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स पंथात ईस्टरआधी कडक उपास असतो. मांस, मासे, अंडी, दूध, चीज सगळं बंद. त्यामुळे प्रत्येक घराला आणि खानावळीला बिनमांसाचे डझनभर पदार्थ येतात. सापळा एकच: ज्यात रक्त नाही ते उपासाला चालतं, या हिशेबाने माकूळ, ऑक्टोपस, कोळंबी उपासाच्याच! आपली एकादशी दुप्पट खाशी, तिकडची समुद्रातून. म्हणून निस्तीसिमो म्हटल्यावरही 'होरीस थालासिना', समुद्रातलं नको, हे जोडा.

मागावं असं: 'लादेरा' म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. त्यात फरसबीचं फासोलाकिया, भाज्यांचं ब्रियाम. मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांचे यिगांतेस. भाताने भरलेले टोमॅटो आणि मिरच्या म्हणजे येमिस्ता. खिमा नसलेल्याला 'ओर्फाना' म्हणतात, अनाथ. द्राक्षाच्या पानांतल्या भाताच्या गुंडाळ्या 'यालान्जी' मागा. हा तुर्की शब्द, अर्थ 'खोटारड्या', कारण आत मांस नाही. सांतोरिनीचा फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि तेल. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळून.

टाळावं असं: गुलाबीसर तारामोसालाता, दिसायला चटणी, आहे माशाची अंडी. 'आव्गोलेमोनो' लिहिलेल्या कुठल्याही पदार्थात अंडं असतं.

सिफ्नोसला असाल तर रविवार राखून ठेवा. तिथली रेविथादा, म्हणजे हरभऱ्यांची मातीच्या भांड्यातली आमटी, शनिवारी संध्याकाळी लाकडाच्या भट्टीत जाते आणि रविवारी प्रार्थनेनंतर बाहेर येते. घरी करायची तर अर्धा किलो काबुली चणे बारा तास भिजवा, दोन मोठे कांदे उभे चिरून, दोन-तीन तमालपत्रं, पाऊण वाटी ऑलिव्ह तेल, मीठ, चणे बुडून वर दोन बोटं पाणी. झाकण घट्ट लावून मंद ओव्हनमध्ये निदान पाच-सहा तास. लिंबू वाढताना. चणे टणक राहिले तर दोष बहुधा पाण्याचा. जड पाण्यात ते शिजत नाहीत, म्हणूनच बेटावरच्या बायका टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरत. लिंबू आधी पिळलंत तरी तेच होतं. खानावळीत रेविथादा रविवारीच, आणि दुपारी उशिरा गेलात तर भांड्याचा तळ दिसतो.

एक छोटी भर, भाषेची

'ने' म्हणजे हो. आपल्या कानांना ते 'नै' ऐकू येतं आणि गोंधळ होतो. "खोली आहे का?" "ने, ने!" ऐकून पाठ फिरवू नका, खोली आहे. नाही म्हणजे 'ओही', किंवा नुसत्या भुवया वर आणि जिभेचा 'च्च'. तो च्च मात्र आपल्यासारखाच. 'यासू' हे अरे-तुरे, 'यासास' हे अहो-जाहो. वडीलधाऱ्यांना आणि दुकानात यासासच.

कॉफी आणि हिशेब

ग्रीक कॉफीत साखर शिजवतानाच पडते, नंतर ढवळली तर तळाचा गाळ वर येतो. म्हणून आधी सांगायचं: 'स्केतो' बिनसाखरेची, 'मेत्रिओ' मध्यम, 'ग्लिको' गोड. शेवटचा घोट कपातच सोडायचा. उन्हाळ्यात सगळे फ्रेदो, म्हणजे बर्फाची थंड कॉफी पितात. कॅफेनिओमध्ये, म्हणजे गावातल्या कॉफीच्या दुकानात, एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही.

खानावळीत ताटं मधे ठेवून वाटून खातात, एकेकट्याने मागवू नका, फार होतं. ब्रेड न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात. मासा किलोवर, तेव्हा शिजवायच्या आधी वजन आणि दर विचारा. मेनूवर पदार्थापुढे फुली-तारा असेल तर तो गोठवलेला. घरची वाईनही किलोवर: 'मिसो किलो' म्हणजे अर्धा लिटर. बिल मागितल्याशिवाय येत नाही, न मागता आणून देणं तिथे उद्धटपणा समजतात. शेवटी फळ किंवा गोड फुकट येतं, ते नाकारू नका.

कागदपत्रं, थोडक्यात

शेंगेन व्हिसा, फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उन्हाळ्यासाठी लवकर द्या. कोसहून समोर बोद्रुम दिसतं म्हणून दिवसभरासाठी तुर्कस्तानला जाऊन यायचा मोह होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परत येता येणार नाही.

स्कूटर किंवा गाडी घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच, आरटीओतून, निघण्याआधी काढा. तिथे गेल्यावर काही करता येत नाही. भाड्याच्या विम्यात टायर आणि गाडीचा तळ सहसा नसतो, आणि बेटावरच्या कच्च्या रस्त्यांवर नेमकं तेच फाटतं. खोलीवर रात्रीप्रमाणे एक वेगळा कर लागतो, तो बुकिंगमध्ये धरलेला नसतो. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारी डबा असतो. पाइप अरुंद आहेत. उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५:३० शांततेची वेळ, कायद्याने. तेव्हा कोणाचं दार वाजवू नका.

जत्रांबद्दल, इकारिया-तिनोस

पानिगिरी म्हणजे गावच्या संताची जत्रा, आपल्या ग्रामदैवताच्या उत्सवासारखीच. सर्वांत मोठी १५ ऑगस्टची, मरियमेची. त्या आठवड्यात सगळा ग्रीस बेटांवर असतो. खोली आणि जहाज दोन्ही महिनोन्‌महिने आधी. तिनोसला त्या दिवशी बंदरापासून चढावर देवळापर्यंत लोक गुडघ्यांवर रांगत जातात, रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी पट्टी अंथरलेली असते. त्या पट्टीवर उभं राहून फोटो काढू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

इकारियाच्या जत्रेत खर्च भागून उरलेले पैसे गावाच्या कामाला जातात. आत गेलं की आधी रांगेत उभं राहून जेवण घ्यायचं, बकऱ्याचं मांस किलोवर, सोबत ब्रेड, सॅलड, वाईन. शाकाहाऱ्यांना सॅलड, चीज, बटाटे. रोख रक्कम न्या. दहाच्या आत गेलात तर टेबलं मांडत असतात. नाच रंगतो मध्यरात्रीनंतर आणि उजाडेपर्यंत चालतो.

नाचात शिरायचं कसं, हे नेमकं सांगतो कारण इथे चूक होते. फेर उजवीकडे सरकतो. सगळ्यांत पुढचा माणूस नाच चालवतो, कधी त्याने वादकांना गाण्याचे पैसे दिलेले असतात. त्याच्या पुढे कधीही घुसू नका, मधेही हात सोडवू नका. शेपटाला जा, शेवटच्या माणसाचा हात धरा, किंवा इकारियोतिकोत, म्हणजे इकारियाच्या स्थानिक नाचात, खांद्यावर हात टाका. पहिली चार आवर्तनं नुसती पावलं बघत चाला. एक माणूस एकटाच, हात पसरून, झुलत नाचत असेल तर ते झेबेकिको. त्यात कोणी शिरत नाही. त्याचे मित्र गुडघ्यावर बसून टाळ्या देतात. तुम्ही मित्र नसाल तर बसल्या जागेवरून बघा.

प्रश्न आला होता: ईस्टर की ऑगस्ट?

गर्दी सोसत नसेल तर ईस्टर. तारीख दरवर्षी बदलते आणि बहुधा कॅथलिक ईस्टरपेक्षा वेगळी असते. २०२६ मध्ये १२ एप्रिल, २०२७ मध्ये २ मे. पाणी पोहायला गार, काही हॉटेलं अजून बंद. ईस्टरआधीच्या शुक्रवारी रात्री फुलांनी सजवलेला एपिताफिओस, म्हणजे ख्रिस्ताची प्रतीकात्मक तिरडी, गावातून फिरतो. शनिवारी रात्री बारा वाजता सगळे दिवे मालवतात, पुजारी एक ज्योत बाहेर आणतो आणि ती मेणबत्तीवरून मेणबत्तीवर जाते. कोणी 'ख्रिस्तोस आनेस्ती' (ख्रिस्त उठला) म्हटलं तर उत्तर 'आलिथोस आनेस्ती' (खरोखर उठला). ती ज्योत न विझवता घरी न्यायची आणि दाराच्या चौकटीवर काजळीचा क्रूस काढायचा. वारा असतोच, म्हणून दुकानात मेणबत्तीभोवती लावायचा प्लास्टिकचा पेला मिळतो, तो घ्या. लाल अंडी एकमेकांवर आपटताना टोकदार बाजू पुढे धरा.